घट्ट आलेली वीण

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर लेकाचा पहिला स्वेटर हाती येतो.

कारंजा गावच्या घरी पावसाळ्याआधी हे छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होते. "आज पलीकडची बाजू" म्हणाले, म्हणून बाळाला इकडे निजवून मी विणत होते. सुयांच्या टकटकीवरच ते झोपायचं. पण कवेलू इकडचंच सरकलं आणि विंचू बाळाच्या दुपट्यावर पडला.

माझे हात थिजले.

"सुया थांबवू नको," सासूबाई हळूच म्हणाल्या. "थांबल्या तं बाळ उठते, हात मारते."

त्या हातात चिमटा घेऊन पुढे सरकल्या. नांगी बाळाच्या मुठीजवळ होती. मी विणत राहिले.

विंचू चिमट्यात निघाला, बाळ झोपलेलंच होतं.

स्वेटर मात्र त्याला कधी झालाच नाही. डोक्यातून उतरायचा आणि पोटाशी, तेव्हा विणलेल्या ओळींवर, अडायचा.