बुडापेस्टच्या पुढची जमीन

"दादा गेलो गो, बाय." सावंतवाडीच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात तिडीक गेली. आवाज आमच्या धाकट्या भावाचा, बाळाचा. ह्याच आवाजाने काही वर्षांपूर्वी दादाला भर प्रवासात गाडीतून उतरवलं होतं. आता बारावं-तेरावं सगळं यथासांग झालं, राग मात्र उतरत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, आयुष्यभर बोटीवर होता, इंजिनच्या खोलीत. गावात त्याची ओळख 'जग फिरलेला' अशी. त्यावर तो चिडायचा. "इस्तंबूल बघलंय, लिस्बन बघलंय. म्हणजे बंदरातले धक्के बघलंय. मधली जमीन खंय बघलंय?" लग्न केलं नाही, बोटीवरची नोकरी सुटल्यावर एकच हौस धरली... इस्तंबूलला रेल्वेत बसायचं आणि देशामागून देश ओलांडत लिस्बनला उतरायचं. गेलाही. बल्गेरियातून फोनवर लहान पोरासारखा ओरडत होता, "बाय, सूर्यफुलां गो! सकाळपासून नुसती सूर्यफुलां!" रोमानियात समोरच्या म्हातारीने त्याला घरचा पाव दिला, त्याने तिला आमची आमसुलं चाखवली. तिचं तोंड बघून अख्खा डबा हसला म्हणे.

बुडापेस्टला बाळाचा फोन गेला. कौल झाला होता, गावपळण ठरली होती. आमच्याकडे काही वर्षांनी देवाच्या हुकमाने सगळा गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. वेशीबाहेर! आणि बाळा म्हणतो, "घरचो मोठो माणूस होयो. तू नसलंस तर लोक नावां ठेवतीत." दादा म्हणाला, "अरे, मी भायरच आसंय मां?" हंगेरीपेक्षा आणखी किती बाहेर जायचं माणसाने? पण बाळा रडला, त्याची बायको रडली... आणि दादा विमानात बसला. गावाबाहेर पडण्यासाठी गावात आला! राहुट्यांत सगळे मजेत होते, भजनं, पत्ते, बांगड्याचं तिखलं. दादा कडेला एकटाच बसलेला. "कशाक इलंस?" मी विचारलं. "जावंदे गो. जमीन खंय पळान जाता?"

जमीन नाही पळाली. तो गेला. आधी आंब्याचा हंगाम, मग बाळाच्या मुलीचं लग्न, मग दादाचे गुडघे... दर खेपेला 'पुढच्या वर्षी'. देवावर माझा राग नाही, देवाने बाहेरच जायला सांगितलं होतं. आत ओढलं ते आपल्याच माणसांनी. आणि दादाचाही राग येतो. फोन ठेवून पुढच्या गाडीत चढला असता तर कोणाचं काय वाकडं होणार होतं? उलट्या काळजाचा व्हायला हवा होता थोडा. नाही झाला.

गावच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात त्याची बॅग तशीच होती. परत आल्यापासून त्याने ती कधी पुरती रिकामी केली नाही. आत लोकरीची टोपी, आमसुलांची पुडी. तेराव्यानंतर बाळा म्हणाला, "ही माळ्यार टाकतंय." मी बॅग उचलली.

"तुका कित्याक ती?"

"बुडापेस्टाक जातंय. पुढची जमीन रवली आसा."

त्याला वाटलं, मी दुःखाने बरळतेय. त्याने हळूच विचारलं, "आणि मधीच गावपळण लागली तर?"

"लागांदे," मी म्हटलं. "मी भायरच आसतलंय."