भरतीपर्यंत थांबलेली बस

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीतील पाहणी काकू पालघरकडच्या एका किनाऱ्यावर गेल्या, तिथल्या स्वस्तातल्या रिसॉर्टच्या मॅनेजरला भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची सगळ्यात वाईट खोली दाखवा." मॅनेजरने समुद्राच्या बाजूची खोली उघडली. काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "ही चांगली आहे. चांगली सगळेच दाखवतात. वाईट कुठली?" ती जनरेटरच्या शेडला लागून होती. काकूंनी चप्पल काढली, पलंगावर आडव्या झाल्या आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. सोबत गेलेला सेक्रेटरी सुधीर दारात अवघडून उभा होता. त्यानेच हे नंतर सोसायटीत सांगितले.

काकूंचे खरे नाव सोसायटीच्या पाटीवर होते, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. निवृत्त होईपर्यंत त्या कांजूरमार्गच्या एका कारखान्यात कँटीन सांभाळत. पुढे सोसायटीची वार्षिक सहल, कोणाच्या मुंजीचा हॉल, कोणाच्या मुलाचे पुण्यातले हॉस्टेल, जे काही पाहायचे असेल ते काकूंनी पाहायचे, असा रिवाज पडला. पाहणीला त्या नटून जात नसत. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. "मालकाला वाटलं पाहिजे, ही काही बुकिंग करणार नाही. मग तो खरं बोलतो," असे त्या म्हणत.

इंटरनेटवरचे अभिप्राय त्या वाचत, पण त्यांच्या पद्धतीने. पाच तारे देणाऱ्याचे वाचायचे नाही, तो नुकताच जेवलेला असतो. एक तारा देणाऱ्याचेही नाही, तो बायकोशी भांडून आलेला असतो. तीन तारे देणाऱ्याचे मात्र शेवटपर्यंत वाचायचे. या रिसॉर्टबद्दल एका तीन तारेवाल्याने लिहिले होते की पाणी मचूळ आहे, पंखा आवाज करतो, मोबाइलला रेंज नाही, पण मागच्या फाटकातून सिमेंटचा उतार थेट वाळूत जातो. काकूंनी हे वाक्य सुधीरला दोनदा वाचायला लावले.

त्याचे कारण नलूताई. काकूंच्या शेजारच्या. त्याआधीच्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. वाचा शाबूत होती, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. पण घराबाहेर पडणे त्यांनी बंद केले. लिफ्टपर्यंतसुद्धा नाही. "मी म्हणजे सामान. सामान कशाला फिरवायचं?" असे त्या मुलाला सांगत. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याजवळ, घर समुद्राला लागून. काकूंनी महिनाभर पाठपुरावा केल्यावर त्या एका अटीवर तयार झाल्या. पाय समुद्रात बुडाले पाहिजेत. नाही बुडाले, तर पुन्हा कोणी त्यांना बाहेर काढायचे नाव घ्यायचे नाही. काकूंनी "कबूल" म्हटले. नलूताई दिलेला शब्द फिरवत नाहीत, हे काकूंना माहीत होते.

सुधीरच्या मनात दुसरे रिसॉर्ट होते. त्याच किनाऱ्यावर, टेकाडावर. तिथे पोहण्याचा तलाव होता, एसी होते, नाश्त्याला चार प्रकार होते. समुद्र मात्र दगडी पायऱ्या उतरून गेल्यावर. सोसायटीच्या बैठकीत त्याने ते जोरात मांडले.

"काकू, त्या जनरेटरशेजारी झोपणार कोण?"

"मी."

"आणि ते खारट पाणी? बायकांच्या केसांची वाट लागेल."

"लागू दे. तेल लावतील." मग काकूंनी त्यांचा नेहमीचा सिद्धांत सांगितला. "सुधीर, गैरसोय दोन प्रकारची असते. एकीचा नंतर किस्सा होतो. दुसरीमुळे माणूस घरी राहतो. पंखा वाजतो, हा किस्सा. पायऱ्या, ही दुसरी." स्वस्तातले रिसॉर्ट ठरले. तारीख बायकांनी ठरवली. चांदणे हवे म्हणून पौर्णिमेचा शनिवार.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी बस पोहोचली. चहा घेऊन काकूंनी स्वतः नलूताईंची खुर्ची मागच्या फाटकाकडे नेली. फाटक उघडले. उतार होता. वाळू होती. समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण क्षितिजाजवळ एक चमकती रेघ एवढाच. मध्ये ओल्या, चिखलट वाळूचे मैदान पसरले होते. दोघा तरुणांनी खुर्ची उतारावरून खाली नेऊन पाहिली. थोड्याच अंतरावर चाके रुतली आणि खुर्ची उचलून परत आणावी लागली. पाहणीच्या संध्याकाळी पाणी उतारापासून जवळच होते, असे काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

 नलूताई खुर्चीतच हसायला लागल्या. "अगे, पुनवेच्या सांजेक सुकतीच असतली! तू बघूक इलंस तेव्हा अष्टमी असतली. सगळे नळ सोडून बघलंस आणि दर्यो बघूक इसारलंस?"

"मग आधी का नाही बोललीस, नलू?"

"माका कोणी विचारल्यान?"

काकूंचे आजोळ मालवणचे. तिथीबरोबर भरती-ओहोटीची वेळ सरकते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "उद्या भरती कधी?"

"साडेबारा, एकच्या सुमाराक. पुनवेची भरती. फाटकाक लागतली."

रविवारी सकाळी दहाला खोल्या सोडायच्या होत्या आणि लगेच बस निघायची होती. जेवायला वाटेतले एक देऊळ ठरले होते. काकू सकाळी मॅनेजरसमोर जाऊन बसल्या. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पुढची पार्टी दहाला येते. एकही खोली थांबवता येणार नाही."

"खोल्या घ्या. आत्ताच घ्या. मागची सुरूची बाग द्या."

"तिथे काही नाही मॅडम. नुसती सावली आहे."

"तेवढीच हवी आहे."

खोल्या सुटल्या. सगळी सोसायटी बॅगा घेऊन सुरूच्या झाडांखाली बसली. कुरकुर झाली. देवळाचे काय, मुलांच्या जेवणाचे काय, सोमवारी ऑफिस आहे. बसचा ड्रायव्हर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. सुधीर म्हणाला, "काकू, टेकडीवर असतो तर आत्ता तलावात असतो यार!" काकू म्हणाल्या, "तलावाला भरती येत नाही, सुधीर. बस गप." मॅनेजरने आपणहून कांदाभजी पाठवली. ती मात्र उत्तम होती, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले.

अकरापासून पाणी दिसेल असे जवळ येऊ लागले. आधी मुले ओरडायला लागली. मग बायका उठून फाटकाशी गेल्या. पाण्याने मैदान गिळले, काल खुर्ची जिथे रुतली होती ती जागा गिळली आणि साडेबाराच्या आत पहिली लाट उताराच्या सिमेंटवर आपटली. आता खुर्चीला वाळूत उतरायची गरजच उरली नव्हती. काकूंनी पदर खोचला आणि खुर्चीला हात घातला. तेवढ्यात सुधीरने त्यांना बाजूला केले. "सरका काकू, उतार आहे. मी धरतो." बूट, पँट, खिशातला फोन, सगळ्यासकट तो उतारावरून खाली गेला.

पुढची लाट नलूताईंच्या गुडघ्यांपर्यंत आली. त्यांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती रिसॉर्टच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेली. आचारी बाहेर आले. नव्याने आलेली पार्टी व्हरांड्यात येऊन उभी राहिली. "आणखी खाली, रे सुधीर! भितंस कित्याक?" नलूताई ओरडत होत्या. सुधीर कमरेपर्यंत भिजला होता आणि हसत होता. बसचा ड्रायव्हर पँट दुमडून पाण्यात उतरला आणि त्याने खुर्चीची दुसरी बाजू धरली. टाळ्या कोणी सुरू केल्या, ते सांगता येत नाही. काकू उतारावर बसल्या होत्या. लाट त्यांच्या मांडीवरून जात होती आणि त्या नलूताईंना म्हणत होत्या, "काय गं सामाना, बुडाले ना पाय?"

बस अडीचला निघाली. देऊळ राहिले. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मे महिन्यात काकू चेंबूरला मुलीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी त्यांना निरोप द्यायला नलूताई लिफ्टने खाली, गेटपर्यंत आल्या होत्या. यंदाच्या सहलीची जागा पाहायला कोणी जायचे, हा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला तेव्हा सुधीरने नलूताईंचे नाव सुचवले. दुसरे नाव आले नाही. गेल्या रविवारी सुधीरच्या गाडीतून त्या अलिबागकडे एक जागा पाहून आल्या. जागा त्यांनी नापसंत केली. दुसरी जागा पाहायला त्या येत्या रविवारी जाणार आहेत.