हसाभाऊंनी मुद्दाम काढलेला वाईट फोटो

हसाभाऊंचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक असेल तर शपथ! गळ्यात कॅमेरा आणि तोंडात एकच जप, "हसा, हसा!" लोकांनी तेच नाव चिकटवलं आणि भाऊंनीही ते मुकाट्याने स्टुडिओच्या पाटीवर रंगवून घेतलं.

लग्नांचे, पासपोर्टचे फोटो चालायचेच, पण भाऊंचं पोट भरायचं कॉलेजांवर. शहरातल्या झाडून साऱ्या मोठ्या कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं त्यांच्याच फोटोंनी सजलेली. माळावरच्या चार खोल्या भाऊंच्या कॅमेऱ्यात शिरल्या की विद्यापीठ होऊन बाहेर पडत. हिरवळ कमी असली तर भाऊ पालथे पडून फोटो काढत, मग मूठभर गवताचं मैदान व्हायचं. आणि झाडाखाली पुस्तकं घेऊन हसणारी मुलं तर हवीतच. त्यात एक मुलगी प्रत्येक कॉलेजात दिसायची, कारण ती भाऊंची लेक होती. घरचीच म्हटल्यावर कोण सोडतो? शाळा संपायच्या आत पोरगी शहरातल्या सगळ्या कॉलेजांत शिकून झाली होती, फोटोपुरती.

तीच एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मला शेजारच्या राज्यात जायचंय. डोंगरात एक छोटं कॉलेज आहे. तिथे दगडांचा अभ्यास शिकवतात."

"दगडांचा? त्यासाठी परराज्यात? इथे काय दगडांचा दुष्काळ पडलाय?"

भाऊंनी माहितीपत्रक मागितलं. तिने एक साधा कागद पुढे केला. विषय, फी, पत्ता. फोटो एकसुद्धा नाही! भाऊ असे काही भडकले की विचारू नका. "ज्यांना स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटते, त्यांच्या हवाली पोर करायची? शुद्ध फसवणूक आहे ही!"

हे कोण म्हणतंय बघा!

खरं दुखणं वेगळंच होतं. एकुलती एक लेक. ती गेली की संध्याकाळी स्टुडिओत दिवा कोण धरणार, आणि "बाबा, या नवरदेवाचं हसू खोटं आलंय" असं तोंडावर कोण सांगणार? घर खायला उठेल, या भीतीने भाऊंचा जीव कासावीस झाला होता. पण बापाने हे बोलायचं कसं? त्यापेक्षा कॉलेजला नावं ठेवणं सोपं.

बायको म्हणाली, "घरात बसून तोंडाची वाफ दवडू नका. जाऊन बघा, फोटो काढून आणा, मग ठरवू."

भाऊंना हेच तर हवं होतं! जन्मभर भिकार जागा देखण्या केल्या, आता तीच विद्या उलटी चालवायची. ते मुद्दाम भर दुपारी पोचले, जेव्हा उन्हात कुणाचंच काही चांगलं दिसत नाही. बैठी इमारत. भाऊंनी गंजका नळ टिपला, पोपडे आलेली भिंत टिपली, पाय मोडलेला बाक तर दोन्ही बाजूंनी टिपला.

मागच्या अंगणात एक म्हातारे मास्तर उकिडवे बसले होते आणि भोवती मुलंमुली एका दगडावरून हमरीतुमरीवर आली होती. सवयीने भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "हसा, हसा!"

कुणी मान वर करेल तर ना! मास्तर तेवढे म्हणाले, "जरा बाजूला व्हा हो, दगडावर सावली पडतेय."

भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी रागारागात बटण दाबलं. नुसत्या पाठी, विस्कटलेली डोकी आणि मास्तरांची भेगाळलेली टाच. एवढा भिकार फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. हाच आपला हुकमाचा एक्का, म्हणून तो त्यांनी सगळ्यांत खाली ठेवला.

घरी टेबलावर फोटो मांडले. "अगंबाई, हा नळ!" बायको म्हणाली. भाऊ मनातल्या मनात फुलले. लेक एकेक फोटो बाजूला सारत शेवटच्यावर आली आणि थांबली.

"बाबा, यांना हसा म्हणाला नाहीत?"

"म्हणालो की! एकाने ढुंकून पाहिलं नाही. वर मास्तर मलाच म्हणतो, बाजूला व्हा. काय माणसं आहेत!"

लेकीने तो फोटो उचलून जवळ घेतला. मग हळूच म्हणाली, "बाबा, झाडाखाली बसून मी इतकी पुस्तकं हातात धरली, पण तुम्ही एकही उघडू दिलं नाहीत. उघडलं की मान खाली जाते, चेहरा दिसत नाही, म्हणायचात. मला मान खाली घालायचीय हो."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. तिने नळाचा फोटो मुकाट्याने उलटा ठेवला. भाऊंनी स्वतःच्याच हाताने पुरावा आणला होता ना!

लेक गेली. पुढे प्रवेशाचे दिवस आले आणि शहरातल्या सर्वांत मोठ्या कॉलेजात भाऊ झाडाखाली मुलं बसवू लागले. प्राचार्य खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते.

"काय हो हसाभाऊ, तुमची नेहमीची मुलगी दिसत नाही ती?"

"ती ना?" भाऊ गवतात पालथे पडत म्हणाले, "ती शिकायला गेली."

"अरे वा, छान छान," प्राचार्य म्हणाले, आणि मुलांना पुस्तकं मिटून वर बघायला सांगू लागले. भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण त्यांना समोरचं काही केल्या स्पष्ट दिसेना. हसा म्हणायचंही राहूनच गेलं.