उजव्या हाताचा चाकू

माझे बाबा, शालिकराम, हिवरखेडच्या देवमनभाऊंच्या रोपवाटिकेत अडतीस वर्षांपासून संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरी लिंबाच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. हे मी ऐकीव सांगतोय. शाळेत असताना मला त्यांच्या मातकट बोटांची लाज वाटायची, म्हणून तिकडे फिरकलोच नाही. दहावीनंतर अमरावतीला आलो तो इथलाच झालो.

यंदा देवमनभाऊंनी बाबांचा सत्कार ठरवला. बाबांचा चाकू म्हणजे करवतीच्या पात्याचा तुकडा आणि त्याला सायकलच्या ट्यूबची मूठ. म्हटलं, आपण काहीतरी ऐटदार देऊ. राजापेठेत शेती अवजारांच्या दुकानात एक चाकू पाहताक्षणी आवडला. बोटाएवढा, घडीचा, गुळगुळीत लाकडी मूठ, पितळेची कड, मिटला की शर्टच्या खिशात मावणारा.

"वडील कोणत्या हातानं बांधतात?" दुकानदारानं विचारलं. "याले एकाच अंगानं धार रायते. डाव्या हातात धरला तं लाकडात घुसते."

बाबांना फोन लावता आला असता. पण बापाचा हात माहीत नाही हे दुकानदाराला कळेल, म्हणून फोन खिशातच ठेवला. बाबा जेवतात उजव्या हातानं, सहीही त्याच हातानं करतात. "उजव्या," मी ठणकावून सांगितलं. वर मुठीवर त्यांचं नावही कोरून घेतलं, म्हणजे बदलून मिळायची सोयच उरली नाही.

रोपवाटिकेतल्या सत्काराला शाल झाली, नारळ झाला. 'या हातांनी मला घडवलं' असं भाषणही मी ठोकलं. चाकू हातात देऊ नये म्हणून बाबांनी तो आधी टेबलावर ठेवायला लावला, मग उचलला. "लय देखणा हाये," म्हणाले. धारेवरून अंगठा फिरवताना मात्र जरासे थबकले.

"एक डोळा भरून दाखवा, शालिकभाऊ," देवमनभाऊ म्हणाले.

बाबा नवा चाकू घेऊन खुंटापाशी उकिडवे बसले. चीर वाकडी गेली, डोळा फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. वर्षानुवर्षं त्यांच्या मागे पट्ट्या गुंडाळणाऱ्या चंदाबाईंना राहवलं नाही.

"शालिकभाऊ, उजव्यानं काहून करून राहिले? तुमचा तं डावा हात!"

"पोरानं आणला ना," बाबा हसत म्हणाले, "मंग असाच धरा लागते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मिनिटांपूर्वी मी याच लोकांकडून टाळ्या घेतल्या होत्या.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. बाबांनी लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आजी हातावर उलथनं मारायची. शाळेत मास्तरांनी छड्या मारून लिहायचा हात बदलला. झाडांपाशी तेवढं कोणी टोकलं नाही, म्हणून तिथला हात डावाच राहिला.

"तुले माईत नव्हतं, अमोल?" तिनं विचारलं. तिला नुसतं नवल वाटलं होतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

सकाळी उठलो तर बाबा अंगणात बसलेले. पुढ्यात जंबेरीच्या काड्यांचा ढीग आणि उजव्या हातात माझा चाकू. एकेक काडी घेऊन चीर देत होते. बऱ्याच काड्या चिंध्या होऊन बाजूला पडल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं.

"बाबा, ठेवा तो. मी डाव्या हाताचा मागवतो."

"काहून? याच्यावर तुनं माझं नाव टाकलं हाये." त्यांनी पुढची काडी उचलली. "होते सवय. लहानपणी जेवाची नाही झाली काय?"