इपेचा पाट

या जगात भरवशाची वस्तू एकच, ती म्हणजे इपेचं लाकूड, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं. माणसांचा नंबर त्यानंतर, आणि त्यांत काकूंचा बराच वर. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या या लाकडाच्या फळ्या बहारीनमधल्या श्रीमंतांच्या पोहण्याच्या तलावांभोवती बसवल्या जातात. काकांचं सारं आयुष्य लाकडाच्या वखारीत त्या मोजण्यात गेलं. इपेत खिळा शिरत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि ते पाण्यात टाकलं तर सरळ तळाला जातं. हा शेवटचा गुण ते आमच्याच बादलीत तुकडा टाकून दाखवत, आणि तो तळाशी बसला की समाधानाने म्हणत, "खलास!" झाड मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पानं गळाली की ते पिवळ्या फुलांनी भरून जातं, एवढं त्यांना फोनवरच्या फोटोवरून ठाऊक होतं. तो फोटो त्यांनी आमच्या गुदैबिया वस्तीतल्या प्रत्येक मराठी माणसाला दाखवला होता.

उरलेल्या तुकड्यांचे ते पोळपाट करवून घेत आणि वाटत. आमचा पोळपाट इतका जड की बायकोने तो वाऱ्याने आपटणाऱ्या बाल्कनीच्या दाराला लावून ठेवला होता. जिन्यात काकांची चाहूल लागली की मी तो दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर नेई आणि बायको त्यावर पीठ भुरभुरवी. काका आत येत, पोळपाटावरून हात फिरवत आणि विचारत, "काय म्हणतोय?" पोळपाट मजेत असल्याचं आम्ही सांगत असू.

काका निवृत्त होऊन भारतात परत जायच्या वर्षीच त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. अंतरपाटाच्या वेळी तिला उभं राहायला काकांनी इपेचा पाट केला. इथेच वाढलेली मुलगी म्हणाली, "बाबा, the hall gives everything." काकांनी पाट पुसून भिंतीला टेकवला. त्या दिवशी त्यांनी बादलीही मागितली नाही.

आम्ही पोचवायला गेलो, तर विमानतळावर सामान वजनात बसेना. काकांनी बॅग उघडून आधी खजूर बाहेर काढला, मग नवा सूट.

"अहो, लग्नात घालणार काय?" काकूंनी विचारलं.

"लग्न पोरीचं आहे, सुटाचं नाही," काका म्हणाले आणि पाट आणखी आत सरकवला. खजूर आम्ही खाल्ला. सूट आमच्या कपाटात आहे.

महिन्याभराने फोटो आला. नवरदेव हॉलच्या चकचकीत पातळ पाटावर उभा, आणि मुलगी, पिवळ्या साडीत, इपेच्या पाटावर. पाट एवढा जाड की ती नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच दिसत होती. मागे साध्या शर्टात काका. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आपणहून चढली. झाड पाहिलं एकदाचं."

मला काकांची फार आठवण आली. बायको उठली, दाराला लावलेला पोळपाट तिने स्वतः उचलून ओट्यावर ठेवला आणि त्यावर पोळ्या लाटल्या. आता विचारायला वरून कोणी येणार नाही, तरी तो तिथेच असतो. बाल्कनीचं दार आपटत राहतं.