आधी नानांना सांगून येतो

रायपूरच्या समता कॉलोनीतला हरिदास लोखंडी कपाटं बनवायचा. नवी राजधानी वसू लागली अन् सरकारी ऑफिसांना कपाटंच कपाटं लागू लागली. सरकारजवळ एवढं काय झाकून ठेवायचं असतं, देव जाणे!

रायपूरचे कपाटवाले त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या, नानांच्या घरी पोहे खाता खाता ठरवायचे, यंदाचं टेंडर कोणाचं. बाकीच्यांनी मुद्दाम भाव चढवून भरायचा. हरिदासला वाटे, पंगतीत सगळ्यांना वाढतात, तसंच हे. मग दिल्लीच्या स्पर्धा आयोगाची चौकशी लागली, तेव्हा कळलं की याला गुन्हा म्हणतात. दंड असा, की कारखाना विकूनच फिटावा.

त्याची भाची भावना वकील. ती म्हणाली, "मामा, जो सबसे पहले जाकर सब सच बता दे, उसका पूरा जुर्माना माफ हो सकता है. दूसरे का ज़्यादा से ज़्यादा आधा. अभी फोन करते हैं, फोन पर भी नंबर लग जाता है."

"हव. आधी नानाले सांगून येतो."

"मामा! उन्हीं की तो पोल खुलेगी!"

"म्हणून तं! त्यांनीच मले धंद्याले लावलं. पाठीमागून कसं करू?"

बायको सत्यभामा दारात आडवी झाली. "पोट्टीचं लग्न जमलं, पहिले नानाले सांगतलं. घर घेतलं, पहिले नानाले. आता चुगलीही त्यांनाच विचारून करसान काय?"

तरी तो पुरानी बस्तीत नानांकडे गेलाच. नानांनी सगळं ऐकलं, पाठीवरून हात फिरवला. "बरं केलं सांगतलं. काहून भेऊन राहिला? सोबतच जाऊ आपण. जेवून घे." सुनेला ताट वाढायला सांगितलं अन् "आलोच" म्हणून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. तेवढ्या वेळात हरिदासनं वडाभात दुसऱ्यांदा घेतला.

तो घरी आल्यावर भावनानं दिल्लीला फोन लावला. पहिला नंबर नुकताच लागून गेला होता. कोणाचा, ते तिकडचे सांगेनात. सांगायची गरजही नव्हती.

"आधा भी कम नहीं है, मामा," भावना म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

निकाल लागला. नाना सुटले. हरिदासच्या वाट्याच्या निम्म्या दंडातही कारखाना जाणारच होता. एका सकाळी नाना स्वतःच आले. "मशिनी परक्याच्या हातात काहून जाऊ देतं? मीच घेतो."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. हरिदासनं हो म्हटलं.

नानांनी चहा मागितला. सत्यभामा जागची हलली नाही. शेवटी हरिदासच उठला अन् गॅस पेटवला.