मंडईचे पाहुणे आणि ईश्वरभाऊंची आई

आमच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध संपतं, किस्से संपत नाहीत! सिंदेवाहीजवळच्या एका गावात मी नर्स आहे. यंदा तर विचारूच नका. ऐन मंडईत फ्लू आला! दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा, नाटक, घरोघर पाहुणे. फ्लूला आयतंच आमंत्रण!

शेजारच्या गावची मंडई आटोपली आणि दवाखान्यात ही रांग लागली. पण फ्लू कोणालाच झाला नव्हता बरं का! जो तो म्हणे, "फ्लू नाई बाई, मंडईतल्या भज्याचं तेल बाधलं." सगळी रांग भजीवाल्याला शिव्या घालत होती. तेवढ्यात तोच आला, शाल गुंडाळून, तापाने फणफणलेला. चिडून म्हणाला, "मी तं भजे खातच नाई ना बे!"

पुढच्या एका मंडईच्या नाटकातही तेच. नायकाला खरोखरच ताप होता. मरणाच्या प्रसंगात तो असा खोकला, असा खोकला, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी उठून ओरडले, "अरे, त्याला खाली उतरवा!"

मागून आवाज आला, "बसा ना बाई, चांगला मरून राह्यला तो!"

खरे घाबरले होते ते आमचे ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर, ईश्वरभाऊ. त्यांच्या आईला, गयाबाईंना, दमा. मागे साध्या सर्दीने त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. दिवसभर तापाचे पेशंट नेणारे ईश्वरभाऊ घरात शिरायलाच भ्यायचे. अंगणात उभे राहून आईशी फोनवर बोलायचे. आई दारात!

"काऊन रे, समोर तं उभा आहेस. आवाज येऊन राह्यला मले. फोन ठेव आन् जेव!"

मला हसू यायचं.

मग आमच्या गावची मंडई आली. आमच्याकडे दारातून पाहुणा परत पाठवत नाहीत. पण ईश्वरभाऊंनी डोकं लढवलं. सकाळीच गावभर सांगून टाकलं, "आईले फ्लू झाला, घरी कोणी येऊ नका!"

"आता कोणी फिरकत नाई, सिस्टर," मला खुशीत म्हणाले.

दुपारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही! गयाबाई आजारी आणि गाव भेटायला जाणार नाही, असं होईल का? कोणी मोसंबी आणलेली, कोणी पेज. राजुऱ्याचे पाहुणे थेट जत्रेतून आलेले. त्यातले अर्धे खोकत होते!

ईश्वरभाऊ गर्दीतून घुसले आणि दाराला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. रडकुंडीला आले होते बिचारे. "ठणठणीत आहे हो माही माय! मी खोटं बोललो!"

कोणाचा विश्वासच बसेना. एका म्हातारीने त्यांच्याच पाठीवरून हात फिरवला. "धीर धर बापा," म्हणाली.

एवढ्यात खिडकी उघडली. आत गयाबाई, नवं लुगडं नेसून, केस विंचरून. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मुलाला म्हणाल्या, "ईश्वर, येवढे लोक आले रे. आता बिमार नाई पडली तं बरं दिसते का?"